ठाण्यावर पहारा कोणाचा?
देसाईगंज, १९७२ आणि त्यानंतर

वैनगंगेच्या काठच्या त्या गावाला दोन नावे आहेत. रेल्वेच्या पाटीवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. झाडीपट्टीच्या रसिकांना ते वडसा म्हणूनच माहीत. भाऊबीज सरली की इथल्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत तारखा धरायला गावोगावची मंडळे येतात आणि पुढचे तीन-चार महिने चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या खेड्यांत रात्रभर मंडपातले दिवे जळत असतात. कायद्याच्या विद्यार्थ्याला मात्र हे गाव तिसऱ्याच नावाने भेटते. सर्वोच्च न्यायालयाच्या इंग्रजी निकालपत्रात ते ‘देसाई गुंज’ असे पडले आहे. दिल्लीत बसून लिहिणाऱ्याला गंज काय आणि गुंज काय. पण त्याच निकालपत्रात एक अस्सल इथला शब्द भाषांतराविना तसाच राहून गेला आहे: ‘छपरी’. पोलीस ठाण्याच्या मागच्या बाजूची पडवी. या लेखाचा विषय त्या छपरीपासून सुरू होतो.

आज एखाद्या ठाण्यात काही वावगे घडले की दुसऱ्या दिवशी मागणी येते : तपास सीबीआयकडे द्या. राज्याच्या पोलिसांवर भरवसा नसेल तर केंद्राची यंत्रणा, आणि केंद्राच्या यंत्रणेवर नसेल तर न्यायालयाच्या देखरेखीखालचे विशेष पथक, अशी ही शिडी आपल्या अंगवळणी पडली आहे. या शिडीची सर्वांत खालची पायरी कोणती, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडत आला. पोलिसांवर नजर ठेवण्याचा हक्क नागरिकांना आहे ही गोष्ट या देशात प्रथम कोणी आणि कशी गृहीत धरली? उत्तरे अनेक असतील. त्यांतले एक आपल्याच जंगलपट्टीतले आहे, आणि ते सांगताना सीबीआयचे नाव एकदाही येत नाही.

२६ मार्च १९७२. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होते. मजुरी करणाऱ्या एका तरुणाने ठाण्यात तक्रार दिली की, आपल्या बहिणीला पळवून नेले आहे. आईबाप नसलेली ही आदिवासी मुलगी जिच्या घरी कामाला जाई त्या बाईच्या भाच्याशी तिचे जुळले होते आणि दोघांनी लग्न करायचे ठरवले होते. भावाच्या तक्रारीत ती बाई, तिचा नवरा आणि भाचा असे तिघे होते. रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणले गेले. हेड कॉन्स्टेबलने, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत जमादाराने, जबाब घेतले. साडेदहाच्या सुमारास, मुलीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल आणून दे असे भावाला बजावून तो घरी गेला. मंडळी निघाली. ठाण्यात उरलेल्या दोघा पोलिसांनी मुलीला थांबायला सांगितले आणि बाकीच्यांना बाहेर काढले.

पुढे काय घडले ते मी निकालपत्रातल्या तपशिलासह सांगणार नाही. ते तपशील पन्नास वर्षे पुष्कळांनी चघळले आहेत. ठाण्यामागचा संडास आणि मग ती छपरी, एवढे पुरे. मला महत्त्वाचे वाटते ते बाहेर काय चालले होते ते.

बाहेर तिघे उभे होते. तक्रार करणारा भाऊ, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ती बाई आणि तो भाचा. तासाभरापूर्वी जमादारासमोर एकमेकांविरुद्ध जबाब देणारी ही माणसे. ठाण्यातले दिवे मालवलेले आणि दार आतून लागलेले त्यांनी पाहिले. ती मागच्या बाजूला गेली. आत उजेड नव्हता. बाईने मुलीच्या नावाने हाका मारल्या. उत्तर आले नाही. हाकांनी लोक जमले. थोड्या वेळाने एक पोलीस मागून बाहेर आला आणि मुलगी केव्हाच गेली असे म्हणाला. मग मुलगी बाहेर आली. तिने काय झाले ते तिथल्या तिथे सांगितले.

ती बाई मुलीला घेऊन एका डॉक्टरकडे गेली. त्याने ठाण्यात जाऊन फिर्याद द्या असा सल्ला दिला. म्हणजे जिथून आल्या तिथेच परत. कायद्याप्रमाणे सल्ला बरोबर होता. दुसरी जागाच नव्हती. जमावातले काही जण जमादाराला घरून घेऊन आले. लोक खवळले होते, त्या पोलिसाला मारण्याची आणि ठाणे जाळण्याची भाषा चालली होती. जमादाराने लोकांना शांत करून पांगवले आणि त्याच ठाण्यात, त्याच रात्रीचा मुलीचा जबाब प्रथम खबर म्हणून नोंदवला. या माणसाला इतिहासाने फारसे श्रेय दिलेले नाही. आपल्याच हाताखालच्या शिपायाविरुद्ध फिर्याद नोंदवून घेणे १९७२ मध्ये सोपे नव्हते, आजही नाही. पण त्याच्या पाठीशी, किंवा खरे म्हणजे त्याच्या समोर, जमाव उभा होता हेही विसरता येत नाही. जमाव नसता तर तो कागद झाला असता का?

वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता झाली. डॉक्टरांच्या मते मुलीचे वय चौदा ते सोळा होते. अंगावर जखमा नव्हत्या. तपासणीचा उरलेला भाग मुलीच्या पूर्वायुष्याबद्दल होता, आणि खटल्याच्या पुढच्या सहा वर्षांत पोलिसांच्या वर्तनापेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोघांना निर्दोष सोडले. संबंध आला हे सिद्ध झाले, पण बलात्कार सिद्ध झाला नाही, अशी न्यायाधीशांची मांडणी होती. मुलगी खोटारडी आहे आणि बाहेर जमलेल्या लोकांपुढे, होणाऱ्या नवऱ्यापुढे, आपले शील राखण्यासाठी तिने बलात्काराची गोष्ट रचली असावी, असे त्यांना वाटले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरवला. एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला विनयभंगासाठी एक वर्ष सक्तमजुरी. नागपूरच्या न्यायाधीशांनी एक साधा फरक केला: भीतीपोटी निमूटपणे सोसणे वेगळे आणि संमती वेगळी. ठाण्यात, रात्री, ज्यांच्या हाती आपल्या भावाची तक्रार आहे अशा अनोळखी माणसांपुढे ही मुलगी संमती देईल हे त्यांना शक्य वाटले नाही. हा न्याय नागपूरला सुचला आणि दिल्लीला सुचला नाही, याचे कारण केवळ अंतर नसावे. पण झाडीतले ठाणे रात्री कसे दिसते याची थोडीफार कल्पना नागपूरकराला असते, एवढे म्हणायला हरकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी दोघांना सोडले. न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल यांचे पीठ होते. निकाल कोशल यांनी लिहिला. तर्क असा: अंगावर जखमा नाहीत म्हणजे झटापट झाली नाही, आरडाओरडा केल्याचे तिचे सांगणे रचलेले आहे, भाऊ आणि इतर माणसे तिथेच असताना पोलिसाने हात धरल्याबरोबर तिने हात झिडकारून हाक मारायला हवी होती, आणि कायद्यातली भीती म्हणजे मृत्यूची किंवा इजेची भीती, तशी काही दाखवली गेली नाही.

या तर्कात ठाणे म्हणजे कुठलीही एक इमारत आहे. ती दुकान असती किंवा धर्मशाळा असती तरी वाक्ये तीच राहिली असती. दिवे मालवले गेले होते, दार आतून लागले होते, बाहेर एक बाई हाका मारत होती, हे सगळे निकालपत्राच्या आरंभी फिर्यादीची हकीकत म्हणून आलेले आहे. निष्कर्षाच्या भागात मात्र त्यातले काहीही नाही. मुलीला रात्री ठाण्यात बोलावणे योग्य होते का, यावरही एक अक्षर नाही. त्याआधी पाचच महिने, एप्रिल १९७८ मध्ये, याच न्यायालयाने नंदिनी सत्पथी प्रकरणात स्त्रियांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्याविरुद्ध कडक शब्द वापरले होते. सत्पथी ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री होत्या.

निकाल कायद्याच्या अहवालांत छापला गेला आणि एक वर्ष तसाच पडून राहिला. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे शीर्षक पाहून आत काय आहे याची कोणाला कल्पना येणार? वारकऱ्याचे नाव आणि सरकारचे नाव.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड, तेही पुण्याचे. आज अशा पत्रांची सवय झाली आहे. रोज दोन-चार निघतात. तेव्हा निकाल लागलेल्या खटल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला जाहीर जाब विचारणे ही न्यायालयाच्या बेअदबीची पायरी समजली जाई. पत्राची भाषा आदराची होती आणि प्रश्न अतिशय साधे होते. दोन पोलिसांनी ठाण्यात अडकवलेल्या चौदा-सोळा वर्षांच्या गरीब मुलीने यशस्वीपणे आरडाओरडा करावा अशी न्यायालयाची अपेक्षा आहे का? निमूट सोसणे आणि संमती यांत कायदा फरक करतो की नाही? मुलीला ठाण्यात बोलावण्याबद्दल, ठाण्यातच हे घडल्याबद्दल, निषेधाचा एक शब्द तरी का नाही?

पत्रातली एक सूचना फारशी उद्धृत होत नाही, मला ती सर्वांत मोलाची वाटते. न्यायमूर्तींनी गरिबाच्या वेषात, ओळख न देता, देसाईगंजच्या आसपासच्या खेड्यांतल्या ठाण्यांना भेट द्यावी, असे या चौघांनी सुचवले होते. जुन्या कथांतल्या राजांसारखे. सूचना उपरोधाची होती हे उघड आहे. पण तिच्यातला आग्रह खरा होता: ठाणे हे एक विशिष्ट ठिकाण आहे, तिथे माणूस उंबरठा ओलांडताच लहान होतो, आणि हे कायद्याच्या पुस्तकात वाचून कळत नाही.

पत्राच्या प्रती फिरल्या, वर्तमानपत्रांत आल्या. मुंबईत १९८० च्या आरंभी बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. नागपुरात सीमा साखरे यांनी हा प्रश्न लावून धरला. वारा अनुकूल होता. १९७८ मध्ये हैदराबादला रमीझा बी प्रकरणात पोलिसांवर बलात्काराचा आणि तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचा आरोप होऊन शहर पेटले होते. जून १९८० मध्ये उत्तर प्रदेशात बागपतला माया त्यागी प्रकरण घडले. आणीबाणीच्या आठवणीही ताज्या होत्या. पोलीस चौकीत काय चालते हे मध्यमवर्गाला प्रथमच स्वतःच्या अनुभवातून कळले होते. देसाईगंजच्या मुलीची बाजू ऐकायला कान तयार झाले त्याचे हेही कारण आहे, आणि त्यात आपण फार गौरव मानू नये.

खटला मात्र पुन्हा उघडला नाही. फेरविचाराचे प्रयत्न फेटाळले गेले. दोघे सुटले ते सुटले.

बदलला तो कायदा. इथे आपल्या संघराज्याची एक गंमत लक्षात घ्यावी लागते. पोलीस हा घटनेनुसार राज्याचा विषय. देसाईगंजच्या शिपायाची नेमणूक, बदली, बडतर्फी मुंबईच्या हाती. पण त्याने केलेला गुन्हा कोणत्या व्याख्येत बसतो आणि तो कसा शाबीत करायचा, ते दिल्ली ठरवू शकते. विधी आयोगाचा चौऱ्यांशीवा अहवाल १९८० मध्ये आला, विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले आणि १९८३ मध्ये कायदा झाला. पोलिसाने ठाण्यात केलेल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरायचे, हे पुरावा कायद्यात आले. सिद्ध करण्याचे ओझे मुलीच्या अंगावरून काढून गणवेशाच्या अंगावर टाकले गेले. नव्या न्याय संहितेत आणि साक्ष अधिनियमात कलमांचे आकडे बदलले, गाभा तोच आहे.

त्याच १९८३ च्या कायद्याने पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरवले. हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांना त्या मुलीचे नाव ठाऊक आहे. प्रकरण त्याच नावाने ओळखले जाते. चळवळीने ते फलकांवर लिहिले, पाठ्यपुस्तकांनी मथळ्यात घेतले, आणि या सगळ्यात तिला कोणी विचारले नाही. मी ते नाव इथपर्यंत टाळले आहे आणि पुढेही टाळणार आहे. तिचा आजचा ठावठिकाणा शोधत जाणाऱ्यांची वाटही मला धरावीशी वाटली नाही. पोलिसांवर जनतेची नजर असावी म्हणून जो लढा झाला त्यात सर्वांत जास्त नजर तिच्यावरच पडली. तिच्या पूर्वायुष्याची चर्चा तीन न्यायालयांत झाली. स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातले कलम जायला २००२ उजाडावे लागले, आणि ती अवमानकारक तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हटले. देसाईगंजनंतर पन्नास वर्षांनी.

ज्या मातीत हे सुरू झाले तिथे मात्र पुढचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. १९८० च्या नोव्हेंबरात सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबिनपेठा इथे पेद्दी शंकर हा नक्षलवादी पोलिसांच्या गोळीने मेला. बलात्कारविरोधी मोर्चे निघाले तेच हे वर्ष. त्यानंतरच्या चार दशकांत गडचिरोलीत ठाण्यांना तटबंद्या आल्या, पोलीस मदत केंद्रे आली, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तुकड्या आल्या. पोलीसही मोठ्या संख्येने मेले. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ सतरा जण, १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांचा वाहनचालक. यांतले बरेच शिपाई इथल्याच खेड्यांतली पोरे होती. अशा जिल्ह्यात ठाण्याबाहेर उभे राहून ‘दिवे का मालवले?’ असे विचारणे अवघड होते. विचारणारा कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न आधी येतो. दोन्ही बाजूंनी येतो. खेड्यातल्या माणसाला पोलिसांचा खबऱ्या म्हणून नक्षल्यांनी मारले आणि नक्षल्यांचा साथीदार म्हणून पोलिसांनी उचलले, अशा हकीकती या जिल्ह्याला नव्या नाहीत.

आणि मग शिडीची वरची पायरी आली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००८ च्या डिसेंबरात राष्ट्रीय तपास संस्थेचा, म्हणजे एनआयएचा, कायदा झाला. सीबीआयला एखाद्या राज्यात तपास करायचा तर १९४६ च्या कायद्याप्रमाणे त्या राज्याची संमती लागते, किंवा न्यायालयाचा आदेश. महाराष्ट्राने ती सर्वसाधारण संमती २०२० मध्ये काढून घेतली आणि २०२२ मध्ये परत दिली. एनआयएला ती लागत नाही. केंद्राला वाटले तर तपास राज्याकडून काढून तिच्याकडे देता येतो, जसा जानेवारी २०२० मध्ये पुणे पोलिसांकडचा भीमा-कोरेगाव प्रकरणाचा देण्यात आला. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला इथे एवढेच नोंदवायचे आहे की, जमादाराला त्याच्या घरून उठवून आणता आले, कारण त्याचे घर गावात होते. तपास करणारा जितका लांबचा, तितका तो स्थानिक दबावापासून मोकळा, हे खरे. तितकाच तो स्थानिक हाकेपासूनही लांब.

मग केंद्रीय यंत्रणेच्या कोठडीवर नजर कोण ठेवणार? याचे एक उत्तर २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिले. प्रकरण पंजाबमधले होते, परमवीर सिंग सैनी यांचे. न्यायमूर्ती नरिमन यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला आणि तो सीबीआय, एनआयए, ईडी, अमली पदार्थ नियंत्रण विभाग यांच्या कार्यालयांनाही लागू केला. चित्रण अठरा महिने जपायचे. अंधारात दिसेल असे कॅमेरे हवेत. देखरेखीच्या जिल्हा समितीत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांबरोबर नगराध्यक्ष किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख हवा.

कॅमेरे कुठे बसवायचे याची यादी त्या आदेशात आहे. मी ती वाचली तेव्हा देसाईगंजचे निकालपत्र शेजारीच उघडे होते. आत-बाहेर जाण्याची सर्व दारे. मुख्य फाटक. कोठडी. अधिकाऱ्यांच्या खोल्या. ठाण्यासमोरचे आवार. स्वच्छतागृहाच्या आत नव्हे, पण बाहेर. सर्व पडव्या. ठाण्याची मागची बाजू. या यादीत देसाईगंजचा उल्लेख नाही, असण्याचे कारणही नाही. पण २६ मार्च १९७२ च्या रात्री ती बाई अंधारात ठाण्याला वळसा घालून ज्या वाटेने मागे गेली, ती वाट त्या यादीत जवळजवळ पावलापावलाने आली आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची पुन्हा स्वतःहून दखल घेतली. कोठडीतल्या मृत्यूंची एक बातमी वर्तमानपत्रात आली होती, आणि ठाण्यांमधले कॅमेरे चालू नसल्याचा प्रश्न न्यायालयापुढे होता.